पेजर वाजला की निघायचं: ब्रिटनच्या किनाऱ्यावरच्या लाइफबोटी आणि त्यावरची माणसं

लाटांकाठी

कॉर्नवॉलच्या पश्चिम टोकाजवळ माउझल नावाचं मच्छीमारांचं गाव आहे. नाताळात तिथल्या बंदरावर रोषणाई असते, ती बघायला लांबून लोक येतात. पण १९ डिसेंबरला रात्री आठ वाजता ती तासभर मंद केली जाते. या भागात राहायला आल्यापासून मला या तारखेबद्दल मराठीत लिहायचं होतं. आज लिहायला बसले आहे, लांबलं तर सांभाळून घ्या.

१९८१ सालची १९ डिसेंबर. ‘युनियन स्टार’ हे नवं कोरं मालवाहू जहाज पहिल्याच सफरीवर हॉलंडहून आयर्लंडला खत घेऊन चाललं होतं. जहाजावर आठ माणसं होती. त्यांत कप्तानाची बायको आणि तिच्या दोन किशोरवयीन मुलीही होत्या. इंधनात समुद्राचं पाणी शिरलं, इंजिन बंद पडलं आणि जहाज वाऱ्याबरोबर खडकांकडे वाहू लागलं. वाऱ्याचे झोत ९० नॉटचे, म्हणजे ताशी १६५ किलोमीटरच्या आसपास, लाटा जवळजवळ १८ मीटरच्या. नौदलाचं हेलिकॉप्टर आलं, पण जहाजाचा मास्ट असा झुलत होता की खाली दोर सोडून कुणाला उचलणं जमेना. मग पेन्ली पॉइंटच्या स्लिपवेवरून, म्हणजे पाण्यात उतरणाऱ्या घसरणीवरून, ‘सॉलोमन ब्राउन’ ही लाकडी लाइफबोट (किनाऱ्यावरून निघणारी बचाव-बोट) पाण्यात उतरली. ४७ फुटांची बोट आणि त्यावर माउझल गावचे आठ जण.

त्या रात्री गावातले बरेच जण बोटघराकडे धावले होते. नील ब्रॉकमन हा १७ वर्षांचा मुलगा वडिलांबरोबर पोचला. कॉक्सवेन, म्हणजे लाइफबोटीचे कप्तान, ट्रेव्हेलियन रिचर्ड्स यांनी वडिलांना घेतलं आणि मुलाला मागे ठेवलं. अशा रात्री एका घरातले दोघे न्यायचे नाहीत, असं त्यांचं म्हणणं.

बोट जहाजाला भिडत होती, फेकली जात होती, पुन्हा भिडत होती. एकदा तर लाटेने ती जहाजाच्या डेकवरच चढवली आणि तिथून ती घसरून परत पाण्यात पडली. तरीही त्यांनी चार माणसं काढली. तसा निरोप रेडिओवर आला. एवढ्यावर ते परत फिरले असते तर कुणी एक शब्द बोललं नसतं. पण उरलेल्यांसाठी ते पुन्हा गेले आणि त्यानंतर रेडिओ बंद झाला. दोन्ही बोटींवरचे मिळून सोळाच्या सोळा जण गेले.

मला खरं सांगायचंय ते यापुढचं. दुसरा दिवस उलटायच्या आत त्याच गावातून नवीन क्रू उभा राहण्याइतकी माणसं पुढे आली. मागे ठेवलेला तो नील पुढे त्याच स्टेशनचा कॉक्सवेन झाला.

हे सगळे स्वयंसेवक. कुणी मच्छीमार, कुणी गावातल्या पबचा मालक. ज्या संस्थेच्या बोटीवर ते गेले ती रॉयल नॅशनल लाइफबोट इन्स्टिट्यूशन, म्हणजे आरएनएलआय, ही धर्मादाय संस्था आहे. ब्रिटन आणि आयर्लंड मिळून तिची २३८ लाइफबोट स्टेशन्स आहेत. २०२४ मध्ये संस्थेला दोनशे वर्षं झाली, तोवर वाचवलेल्यांचा आकडा १,४६,००० च्या वर गेला होता.

सुरुवात कशी झाली तेही सांगते. सर विल्यम हिलरी हे आइल ऑफ मॅन बेटावरच्या डग्लसला राहत. खाडीत जहाजं फुटताना ते बघत होते आणि जमेल तेव्हा स्वतः बोट घेऊन जातही होते. देशभराची एक संस्था हवी असं आवाहन त्यांनी १८२३ मध्ये छापलं आणि ४ मार्च १८२४ रोजी लंडनमध्ये ती स्थापन झाली. पुढे १८३० मध्ये ‘सेंट जॉर्ज’ हे जहाज डग्लसच्या खडकावर चढलं, तेव्हा साठीच्या घरातले हिलरी वल्हवणाऱ्यांबरोबर होते. त्यांच्या बरगड्या मोडल्या, पण जहाजावरचे सगळे वाचले. आवाहन लिहिणारा माणूस स्वतः बोटीत बसला होता, म्हणून मला हिलरींबद्दल फार आदर वाटतो.

या इतिहासात एक गोष्ट सतत समोर येते. आज क्रूच्या अंगावर आणि हाताशी जे जे आहे, ते कुणाच्या तरी मरणानंतर आलेलं आहे किंवा सार्वत्रिक झालेलं आहे. व्हिटबीला ९ फेब्रुवारी १८६१ रोजी एकाच दिवशी लागोपाठ जहाजं किनाऱ्यावर आदळत होती आणि तीच लाइफबोट पुन्हा पुन्हा निघत होती. शेवटच्या खेपेला ती उलटली. १३ पैकी १२ जण बुडाले. वाचला तो एकटा हेन्री फ्रीमन. नव्या पद्धतीचं बुचाचं लाइफजॅकेट अंगावर असलेला त्या बोटीतला तो एकमेव माणूस होता.

पैसे गोळा करण्याची पद्धतही अशीच आली. ९ डिसेंबर १८८६ रोजी लँकाशायरच्या किनाऱ्यावर ‘मेक्सिको’ नावाचं जहाज अडकलं. तीन गावांच्या लाइफबोटी निघाल्या. लिथमच्या बोटीने जहाजावरच्या बाराही जणांना सुखरूप आणलं. साउथपोर्ट आणि सेंट ॲन्सच्या बोटी उलटल्या आणि २७ बचावकर्ते गेले. एका रात्रीत इतके लाइफबोटवाले या देशाने ना आधी गमावले ना नंतर. मागे राहिलेल्या बायकामुलांसाठी लोक रस्त्यावर उतरले आणि त्यातूनच १८९१ मध्ये मँचेस्टरला ‘लाइफबोट सॅटर्डे’ निघाला. चौकाचौकात डबा घेऊन मदत मागण्याची इथली रीत तिथून पक्की झाली. मँचेस्टरला समुद्र नाही, हे मुद्दाम लक्षात घ्या.

इथल्या खलाशी, अभियंता, डॉक्टर मंडळींनी भर घालावी. मला किनाऱ्यावरून दिसतं तेवढंच मी लिहिलंय.

डेकवरचा

लाटांकाठी, मनापासून धन्यवाद. मी व्यापारी जहाजांवर चीफ ऑफिसर आहे, इंग्लिश चॅनलमधून नेहमी जाणं होतं. किनाऱ्यावरच्या छोट्या बोटी कशाला हव्यात, तिथे तर मोठमोठी जहाजं असतातच, असं अनेकांना वाटतं. म्हणून थोडं लिहितो.

संकटातल्या माणसाला मदत करणं हे प्रत्येक कप्तानावर आंतरराष्ट्रीय कायद्याने बंधनकारक आहे. कॉल ऐकला की आम्ही वळतोच. पण भरलेलं मोठं जहाज थांबायलाच मैल-दीड मैल घेतं. जवळ पोचलं तरी पाण्यापासून डेक चार-पाच मजले उंच. खाली पायलटची शिडी सोडायची आणि गारठलेल्या, हातात त्राण नसलेल्या माणसाने ती चढायची, हे होत नाही. शिवाय आम्ही वाऱ्याची आड धरून उभे राहिलो तरी आमचंच जहाज त्याच्या अंगावर सरकतं. आणि जिथे माणसं खरी मरतात ती जागा म्हणजे उथळ पाणी आणि खडक. तिथे आम्हाला जाताच येत नाही. तिथे कमी पाण्यात चालणारी, मार खाऊन टिकणारी आणि तो कोपरा ओळखणारा माणूस सुकाणूवर असलेली बोटच हवी. नकाशात न दिसणारा खडक स्थानिक माणसाला कोणत्या भरतीला किती वर असतो ते ठाऊक असतं.

एक खुलासा. कॉल येतो तो कोस्टगार्डकडे, व्हीएचएफच्या, म्हणजे जहाजांवरच्या रेडिओच्या, चॅनल १६ वर किंवा फोनवर. कोणाला पाठवायचं ते कोस्टगार्ड ठरवतं आणि लाइफबोट मागतं. हेलिकॉप्टरही त्यांचंच. पण बोट आणि क्रू आरएनएलआयचा. बोट सोडायची की नाही, हा शेवटचा शब्दही स्टेशनचा.

शंकासूर

लेख आवडला, पण एक प्रश्न सोडवत नाही. जीव वाचवणं हे सरकारचं काम नव्हे काय? आग विझवायला आपण वर्गणी काढत नाही. इतक्या श्रीमंत देशाने हे काम दानपेटीवर का सोडावं? उद्या लोकांनी द्यायचं थांबवलं तर?

लाटांकाठी

शंकासूर, प्रश्न रास्त आहे आणि इथेही तो अधूनमधून विचारला जातो.

सरकारी पैसा घेऊन बघितलेला आहे. १८५४ ते १८६९ या काळात संस्थेला सरकारी अनुदान होतं. ते संस्थेने आपणहून सोडलं, कारण सरकार देतंय म्हटल्यावर लोक हात आखडता घेत होते. आज निम्म्याहून जास्त पैसा मृत्युपत्रांतून येतो. कुणी पेन्शनर आजी जाताना घराचा हिस्सा लाइफबोटीसाठी ठेवून जाते. हा पैसा एका निवडणुकीने किंवा एका अर्थसंकल्पाने बंद होत नाही. आणि हे फक्त ब्रिटनमध्ये नाही. नेदरलँड्सची संस्था १८२४ चीच आहे, जर्मनीची १८६५ ची. दोन्ही देणग्यांवर आणि मुख्यतः स्वयंसेवकांवर चालतात.

सगळं पगारी करायचं म्हटलं तर कुठे अडतं, तेही बघा. दोनशे घरांच्या गावात चोवीस तास जागता पगारी क्रू ठेवणं कोणत्याच खात्याला परवडणार नाही. मग स्टेशन तालुक्याला जाणार आणि बोट तासाभराने पोचणार. जिथे कामच तेवढं आहे तिथे संस्थासुद्धा पगारी माणसं ठेवते. लंडनमध्ये थेम्सवर १९८९ साली ‘मार्शनेस’ ही सहलीची बोट बुडून ५१ जण गेले. त्यानंतर नदीवर बचाव-बोटींची गरज मान्य झाली आणि २००२ पासून तिथे लाइफबोटी आहेत. टॉवर स्टेशन हे आज सगळ्यांत जास्त कॉल येणारं स्टेशन आहे आणि तिथे पूर्णवेळ क्रू कायम हजर असतो.

यंत्रवेडा

माझ्या आवडीचा विषय निघाला. बोट उलटल्यावर आपोआप सरळ कशी होते त्याबद्दल लिहितो.

तत्त्व जुनं आहे. १७८९ मध्ये टाइन नदीच्या तोंडाशी ‘ॲडव्हेंचर’ जहाज फुटलं आणि किनाऱ्यावर हजारो लोक हतबल उभे राहिले. त्यानंतर साउथ शील्ड्सला उत्तम बोटीसाठी बक्षीस लागलं. विल्यम वुडहेव्हने उलटली तरी सरळ होणारा नमुना मांडला. हेन्री ग्रेटहेडने १७९० मध्ये प्रत्यक्ष बांधलेली बोट मात्र तशी नव्हती, तिचा भर बुचावर आणि न बुडण्यावर होता. (ग्रेटहेडने बांधलेली १८०२ ची ‘झेटलंड’ आजही रेडकारच्या संग्रहालयात आहे. जगात शिल्लक असलेली ती सर्वांत जुनी लाइफबोट.)

सरळ होण्यासाठी दोन गोष्टी लागतात: वजन खाली आणि हवा वर. इंजिन, टाक्या तळाशी. वरची केबिन पाणी न शिरणारी. बोट उलटली की हवेने भरलेली केबिन पाण्याखाली जाते आणि जड तळ वर येतो. ही स्थिती टिकूच शकत नाही, त्यामुळे काही सेकंदांत बोट गरकन फिरून सरळ होते. क्रू पट्ट्यांनी खुर्चीला बांधलेला असतो.

मग ‘सॉलोमन ब्राउन’ १९६० ची असूनही तशी का नव्हती? वल्ह्यांच्या काळातल्या सरळ होणाऱ्या बोटी अरुंद असत, दोन्ही टोकांना उंच पेट्या असत आणि त्या फार डोलत. ‘मेक्सिको’च्या रात्री बुडालेल्या दोन्ही बोटी याच जातीच्या होत्या आणि तरी त्यांनी माणसं गमावली. त्यामुळे बऱ्याच क्रूंना रुंद, स्थिर, सहसा न उलटणारी बोट जास्त भरवशाची वाटे. ती समजूत मोडली १९६९-७० मध्ये. १७ मार्च १९६९ रोजी ऑर्कनीतल्या लाँगहोपची बोट उलटली आणि आठही जण गेले. त्यांत कॉक्सवेन आणि त्याचे दोन मुलगे, मेकॅनिक आणि त्याचे दोन मुलगे. एका गावातली दोन घरं एका रात्रीत पुरुषांविना झाली. पुढच्या वर्षी फ्रेझरबर्गची बोट गेली. त्यानंतर नवीन बांधायची प्रत्येक मोठी बोट सरळ होणारीच, असं ठरलं. पेन्लीच्या कॉक्सवेनने त्या मुलाला का थांबवलं असेल, हे लाँगहोप माहीत असलं की जास्त कळतं.

आजची शॅनन जातीची बोट १३.६ मीटरची आहे आणि २५ नॉटने जाते. तिला पंखे नाहीत, पाण्याच्या जेटवर चालते. म्हणून ती सरळ वाळूवर चढवता येते. तिच्या तळाचा आकार ज्या तरुण अभियंत्याने काढला, त्यालाच लहानपणी कुटुंबासह आयर्लंडच्या किनाऱ्यावर लाइफबोटीने वाचवलं होतं.

आणि एक गोष्ट पुण्याच्या मंडळींसाठी. किनाऱ्याजवळ वापरतात ती अटलांटिक जातीची रबरी बोट वेल्समधल्या अटलांटिक कॉलेजात जन्मली. प्राचार्य रिअर ॲडमिरल डेस्मंड होर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी घोटून घोटून ती तयार केली आणि तिचे हक्क १९७३ मध्ये संस्थेला एक पौंडाला दिले. कॉलेजचं स्वतःचं लाइफबोट स्टेशन होतं. तिथलीच १८ वर्षांची एलिझाबेथ हॉस्टव्हेट १९६९ मध्ये आरएनएलआयची पहिली महिला क्रू झाली. मुळशीजवळचं महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज याच संस्थापरिवारातलं.

अवनी_नॉरफोक

लाटांकाठी ताई, मी इथल्या एका स्टेशनवर शोअर क्रूमध्ये आहे, म्हणजे पाण्यावर न जाणारी मंडळी. आमच्याबद्दल सहसा कुणी लिहीत नाही, म्हणून लिहिते.

पेजर वाजला की हातातलं टाकून निघायचं. दहा मिनिटांच्या आत बोट पाण्यात जावी असा प्रयत्न असतो. बोटघरात प्रत्येकाचा सूट, बूट, हेल्मेट आपापल्या खुंटीवर. बूट आधीच पँटच्या पायांत घातलेले असतात, पाय घालायचे आणि वर ओढायचं. कोण आधी पोचलं आणि कोणाची गरज आहे ते बघून त्या वेळचा क्रू ठरतो. पोचूनही मागे राहायला लागलं तर वाईट वाटतं, पण परत येणाऱ्यांसाठी बोटघरात थांबायलाही माणसं लागतात.

शॅनन ट्रॅक्टरने ढकलतात. हा ट्रॅक्टर लाटांमध्ये शिरतो, अर्धाअधिक पाण्याखाली गेला तरी चालतो. परत येताना बोट नाकाने वाळूवर चढते, ट्रॅक्टर तिला ओढून घेतो आणि गाड्यावरची तबकडी फिरवून तिचं तोंड पुन्हा समुद्राकडे करतो. मग आमचं काम. पहाटेचे तीन असोत, आधी बोट गोड्या पाण्याने धुवायची, डिझेल भरायचं, दोर गुंडाळायचे, हेल्मेटं पुसून खुंटीवर. पुढच्या कॉलला ती तयार आहे असं कळवल्यावरच चहा.

इथे नॉरफोकमधल्या वेल्स-नेक्स्ट-द-सी गावच्या शॅननवरचा क्रमांक जवळून बघा. लांबून तो साधा रंगवलेला आकडा वाटतो. नाक टेकवण्याइतकं जवळ गेलं की कळतं, त्या आकड्यांच्या आत बारीक अक्षरात नावंच नावं आहेत, सुमारे १०,०००. ज्यांच्या आठवणीत लोकांनी पैसे दिले त्यांची. त्यांत कुणाची आई असते, कुणाचं तान्हं बाळ. बोट निघते तेव्हा ती सगळी नावं बरोबर जातात. मी ती धुताना तेवढ्या भागावर ब्रश जरा हलकाच फिरवते.

रेवसकर

वाचताना आजोबांची आठवण झाली. आमच्याकडे लाइफबोट नव्हती, पण माणसं होती. १७ जुलै १९४७, गटारी अमावास्या. ‘रामदास’ बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला यायला निघाली आणि काशाच्या खडकाजवळ पावसाळी उधाणात कलंडली. सहाशेंहून जास्त माणसं गेली. मुंबईत बातमी पोचायला दुपार उलटली. जी थोडी वाचली त्यांतली बरीच आमच्या बाजूच्या कोळ्यांनी होड्यांतून काढली. मासळी टाकून दिली आणि माणसं भरली, असं घरात सांगतात.

आजही कुणाची बोट वेळेवर आली नाही की आधी गावच्याच बोटी निघतात. नाखवा फोन लावतो, खलाशी जमतात, कुणाला बोलवावं लागत नाही. तटरक्षक दलाचा १५५४ नंबर आहे, इस्रोचं संकटसंदेश पाठवणारं यंत्र आलंय, त्याचा उपयोग होतो. १८ डिसेंबर २०२४ ला घारापुरीच्या वाटेवर ‘नीलकमल’ बुडाली, तेव्हाही आजूबाजूच्या बोटी धावल्या म्हणून इतके लोक हाती लागले.

मला वाटतं ते स्पष्ट लिहितो. धाडसात आमचा दर्या कुणाहून कमी नाही. कमी आहे ती तयारी. आमचा माणूस धावतो तो स्वतःच्या मासेमारीच्या बोटीने, स्वतःच्या डिझेलवर, अंगात जॅकेट नसताना. त्याला काही झालं तर घरच्यांना कोण बघणार, याला उत्तर नाही. अवनीताईंच्या स्टेशनवर खुंटीला टांगलेला सूट आहे, तो आमच्या प्रत्येक बंदरावर हवा. दोनशे वर्षांत एवढं उभं राहतं, तर सुरुवात करायला आपल्याला कुणी अडवलेलं नाही.

डॉ_शर्वरी

रेवसकर दादा, जॅकेटबद्दल अगदी सहमत. मी भूलतज्ज्ञ आहे, काही वर्षं स्कॉटलंडमध्ये काम केलंय. थंड पाण्यात पडलेला माणूस गारठून मरतो असा समज असतो. त्याला वेळ लागतो. बरेच जण जातात ते पहिल्या मिनिटा-दीड मिनिटात. अंगाला गार पाणी लागताच श्वास आपोआप जोरात आत ओढला जातो, तोंड पाण्याखाली असेल तर पाणीच आत जातं. छाती धडधडते, माणूस हातपाय मारतो आणि दम संपतो. पट्टीचा पोहणारासुद्धा.

म्हणून आरएनएलआय कित्येक वर्षं एकच सांगते आहे: पोहू नका, तरंगा. डोकं मागे टाका, कान पाण्यात जाऊ द्या, हातपाय हलकेच हलवा, श्वास ताब्यात येईपर्यंत थांबा. मग हात वर करा, ओरडा. हा सल्ला ऐकलेली मुलं खरोखर वाचली आहेत.

कोकण-गोव्यात पाणी उबदार, तिथे हा धक्का बसत नाही. तिथे ओढ घात करते. लाटांमधून परत जाणारा प्रवाह माणसाला आत नेतो आणि तो किनाऱ्याकडे तोंड करून जीव तोडून पोहत राहतो. तिथेही आधी तरंगायचं, मग किनाऱ्याला समांतर सरकायचं. आणि बुडणाऱ्यामागे उडी टाकू नका हो. रिकामा कॅन, टायर, फळी, जे तरंगतं ते फेका. एकामागे दुसरा असे भाऊ-भाऊ जातात, हे दर सुट्टीत वाचायला मिळतं.

शंकासूर

लाटांकाठी, उत्तर पटलं, विशेषतः तालुक्याचा मुद्दा. आणखी एक. छोट्या रबरी बोटींतून इंग्लिश चॅनल ओलांडून ब्रिटनला येणाऱ्या स्थलांतरितांना वाचवण्यावरून या संस्थेवर बरीच टीका झाली होती ना? दानावर चालणाऱ्या संस्थेला ते महागात पडलं नाही का?

लाटांकाठी

झाली, आणि ती वाचताना मला फार त्रास झाला. २०२१ च्या उन्हाळ्यात तर या कामाला ‘टॅक्सी सेवा’ म्हटलं गेलं. क्रूला किनाऱ्यावर शिव्या ऐकाव्या लागल्या. संस्थेच्या प्रमुखांनी थेट निवेदन काढलं की आमच्या माणसांचा आम्हाला अभिमान आहे आणि समुद्रात जीव धोक्यात असेल तिथे आम्ही जाणारच. त्यानंतर एका दिवसात दोन लाख पौंडांहून जास्त देणग्या आल्या. त्याच वर्षी २४ नोव्हेंबरला चॅनलमध्ये एक रबरी बोट फुटली आणि किमान २७ माणसं बुडाली, त्यांत लहान मुलंही होती.

हे नवीन नाही. १७ मार्च १९०७ रोजी ‘सुएव्हिक’ हे जहाज इथल्याच लिझर्डच्या खडकांवर धुक्यात चढलं. चार स्टेशनच्या लोकांनी वल्ह्यांच्या बोटींनी सोळा तास खेपा करून ४५६ माणसं आणली, त्यांत ७० तान्ही मुलं होती. एकही जीव गेला नाही. संस्थेच्या इतिहासातली ती सर्वांत मोठी सुटका. त्या माणसांना किनाऱ्यावर कुणी कागदपत्रं विचारली नव्हती.

डेकवरचा

+१. व्हीएचएफवर मेडे, म्हणजे संकटाची हाक, ऐकू येतो तेव्हा आम्ही विचारतो ते इतकंच: जागा कोणती, माणसं किती, बोट कशी आहे.

किनारपट्टी_नवखी

छान धागा. मी नुकतीच डेव्हनला नोकरीनिमित्त आले आहे. बोटीचा काहीच अनुभव नाही, पोहायला येतं. मला यात काही करता येईल का? की दर्यावर्दी घराण्यातलंच असावं लागतं?

अवनी_नॉरफोक

अगं, ये की! आता क्रूमध्ये समुद्रावर पोट असलेले साधारण दहात एक असतात. बाकीचे शिक्षक, सुतार, नर्स, दुकानदार. म्हणूनच प्रशिक्षणावर जोर आहे. डॉर्सेटमधल्या पूलला संस्थेचं मुख्यालय आणि कॉलेज आहे. तिथल्या तलावात लाटा उठवतात, दिवे घालवतात आणि अंधारात उलटलेल्या रबरी बोटीखालून बाहेर यायचं शिकवतात. पहिल्यांदा भीती वाटतेच, पण ती तिथे वाटून गेलेली बरी.

क्रूसाठी मुख्य अट म्हणजे स्टेशनपासून घर आणि काम जवळ हवं, दृष्टी आणि तब्येत चांगली हवी. भारतीय माणूस चालेल का असं तुझ्या मनात असेल तर तो विचारच काढून टाक, मला कुणी तसं कधी भासवलं नाही. पाण्यावर जायचं नसेल तर शोअर क्रू आहे, दुकान आहे, शाळांमधून पाण्याची सुरक्षितता शिकवणं आहे. ऑफिसमध्ये आधी बोलून ठेव, कारण पेजर मीटिंगमध्येही वाजतो.

सराव कोणत्या वारी असतो ते बोटघराच्या दारावर लावलेलं असतं. त्या वेळेला थेट आत जा आणि लाँचिंग ऑथॉरिटी (बोट सोडायची की नाही ते ठरवणारे) कोण आहेत ते विचार. आणि जायच्या आधी फोनमध्ये हे टाकून ठेव: किनाऱ्यावर कुणी अडचणीत दिसलं तर ९९९ लावायचं आणि कोस्टगार्ड मागायचं.